चांद्याच्या कवड्या

मी जगप्रवासाला निघाले होते आणि नेरला उतरले.

म्हणजे झालं असं, की अठरा वर्षांची असताना पुसदच्या आमच्या घराच्या ओट्यावर उभं राहून मी साऱ्या गल्लीला जाहीर केलं होतं, "मी बोटीनं जगाला चक्कर मारणार!" तयारीही कडक होती. वडिलांनी आणलेला पत्र्याचा पृथ्वीगोल होता, मामेबहिणीचा काळा गॉगल होता, आणि नकाशातून पाठ केलेली बंदरांची नावं होती. ती मी इतक्या आत्मविश्वासानं चुकीची म्हणायचे की कुणी दुरुस्त करायला धजत नसे. समुद्र तेवढा पाहिला नव्हता. पण एवढ्या-तेवढ्यानं अडणाऱ्यांतली मी नव्हतेच. पुढं दोन वर्षांत लग्न झालं, सासर निघालं नेर, आणि नवरीच्या शालूत एसटीत बसलेल्या मला दारव्हा यायच्या आत चक्कर आली. जगाला मारायची होती ती हीच, असं म्हणून मी ते प्रकरण मिटवलं. पुढं काही वर्षांनी बिऱ्हाडासकट पुसदच्या त्याच घरात परत आले, ती कायमचीच.

माझं ते ओट्यावरचं भाषण खालच्या पायरीवर बसून एकजण ऐकत असे. तोंडातून चकार शब्द नाही. दोन्ही हात गुडघ्यांना बांधलेले. मी म्हणायचे, "तुला काय कळणार रे यातलं? तू आपला बैल राख." तो मान हलवायचा. त्याला ते पटलेलं असायचं.

तो हरसिंग आडे. पुढं त्यानं शिडाच्या बोटीतून इतके समुद्र ओलांडले की त्याचे त्यालाच सांगता येत नव्हते. आणि बैल राखायचं मी सांगितलेलं कामही त्यानं सोडलं नाही. ते कसं, ते सांगते.

हरसिंग पुसदजवळच्या बंजारा तांड्यातला. त्याचे पणजे-खापरपणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर फिरणारे. समुद्रकाठचं मीठ इकडे आणायचं, इकडचं धान्य तिकडे न्यायचं. रेल्वे आली, मोटारी आल्या, गोण्या गेल्या आणि बैल नांगराला लागले. हरसिंगला शाळेसाठी त्याच्या आईनं आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. आईचं नाव धानीबाई. तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून आम्हीही तिला धानीयाडीच म्हणू लागलो. हातभर चुडा, आरसे आणि कवड्या टाचलेला घागरा, आणि आवाज असा की ती गल्लीच्या तोंडाशी आली की माझी आई चहाचं आधण ठेवायची. कवडी हे समुद्रातल्या जिवाचं कवच असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गोलावर समुद्र शोधत बसायचे आणि समुद्र माझ्यासमोर घागऱ्यावर खुळखुळत चहा पीत असायचा.

हरसिंगची एक सवय तेव्हापासूनची. सदऱ्याच्या खिशात कायम कापूस. आपल्या भागात त्याला काय तोटा! एक पुंजका सुटा करायचा, हात उंच करायचा आणि सोडून द्यायचा. मग तो पुंजका कुठे जातो ते पाहत राहायचा.

"काय पाहून राहिलास रे?" मी विचारायचे.

"वारा कोणीकडे जाऊन राह्यला ते."

"तुला काय करायचं त्याचं?"

"काही नाही, ताई. एवढा धावून राह्यला म्हणजे त्याले काही काम असन ना."

पुढं नौदलात गेला, नंतर गोरे साहेब त्याच्या हाताखाली दोर ओढू लागले, बोटीवर वारा मोजायची यंत्रं आली, तरी खिशातला कापूस गेला नाही. दर सुट्टीत येऊन नवा घेऊन जायचा. एकदा कुठल्याशा विमानतळावर त्याला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, हे काय आहे? त्यानं तिथंच एक पुंजका सोडून दाखवला. बंद इमारतीत तो सरळ खाली पडला. "तवा त्या लोकाइले वाटलं मी खोटं बोलून राह्यलो."

नौदलातल्या भरतीची गोष्ट तो स्वतःच हसत हसत सांगे. तिथं विचारलं, पोहता येतं का? यानं छातीठोकपणे सांगितलं, येतं. तांड्यातल्या विहिरीत तो लहानपणापासून डुंबलेला.

"उडी टाकली, ताई. चार हात मारले अन् वळलो. पुन्हा चार हात मारले, पुन्हा वळलो. वरून साहेब वरडून राह्यला, सीधा जाव, सीधा जाव! मी म्हटलं, साहेब, समोर भिंत असन."

"समुद्रात भिंत कुठली रे बाप्पा?"

"मले काय मालूम? आमच्या विहिरीले त चारी बाजूनं होती."

मला हसून हसून ठसका लागला होता. पण खरं सांगू, आमच्याकडचं कुणीही असतं तरी तसंच पोहलं असतं. आम्हाला पाणी माहीत आहे ते काठ दिसणारं. पुढं त्यानं एकट्यानं पृथ्वीला वळसा घालायचं ठरवलं तेव्हा साऱ्या पुसदला नवल वाटलं, मला नाही. विहीर जरा मोठी झाली होती, एवढंच.

नौदलातून निवृत्त झाल्यावर त्यानं एक अजब धंदा धरला. श्रीमंत लोक शिडाची बोट एका देशात विकत घेतात आणि त्यांना ती हवी असते भलत्याच देशात. मधला समुद्र ओलांडून ती पोचवायची कुणी? तर हरसिंगनं. कधी दोघं-तिघं सोबत, कधी एकटा. मी हे माझ्या सुनेला समजावता समजावता थकले, पण धानीयाडीला एका वाक्यात समजलं.

"म्हणजे दुसऱ्याचा माल पोचवते."

"हाव, याडी."

"वाटेत चोर-चिलट?"

"हाय कुठी कुठी."

"मंग आपलंच काम हाय ते," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू त म्हणत होती पोरगं काही नवीन करून राह्यलं."

लग्न त्यानं केलं नाही. म्हणजे दोन-तीनदा जमत आलं होतं, पण मुलीकडचे घर पाहायला यायचे आणि घर कुठं आहे हे याला सांगता यायचं नाही. एका होणाऱ्या सासऱ्यानं विचारलं, "राहता कुठं?" हा म्हणाला, "सध्या बोटीवर." "आणि बोट कुठं राहते?" "ते वाऱ्यावर हाय." सासरा चहा न पिता उठला. मी हरसिंगला खूप बोलले. म्हटलं, "अरे, पुसदचा पत्ता द्यायचा, आमचा!" तो म्हणाला, "मंग ते पोरगी तुमच्याच घरी राहिली असती, ताई. तुमचे बंदरांचे नाव ऐकत." असा बोलायचा. क्वचितच, पण बोलायचा.

आणि तो शिवायचा. ही त्याची दुसरी सवय. शीड फाटतं, आणि भर समुद्रात शिंपी नसतो. पण हरसिंगला सुई आईनं लहानपणीच हातात दिली होती. धानीयाडीच्या टाक्यांची कापडं मी पाहिली आहेत. कापड फाटेल, टाका सुटणार नाही. सुट्टीवर आला की आमच्या ओट्यावर बसून तो जाड सुईनं गल्लीतल्या गोधड्या शिवायचा. तळहाताला चामड्याची पट्टी बांधलेली, दोरा मेणात ओढलेला. बाया हसायच्या. "पाह्य वं, पुरुषासारखा पुरुष अन् गोधडी शिवून राह्यला!" आणि हसता हसता दुसऱ्या दिवशी आपापली गोधडी आणून ठेवायच्या. त्यातली एक माझ्या पलंगावर अजून आहे. उद्या माझ्या पलंगाला वादळात घातलं तरी ती तगेल.

साठीच्या आसपास आला तेव्हा त्यानं स्वतःची बोट घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी पोचवल्या, आता एक आपली. जुनीच होती, कुणीतरी काढून टाकलेली. किनाऱ्यावर राहून वर्षभर त्यानं ती तासली, रंगवली, तिची शिडं शिवली. नाकाडावर पांढरा ठिपका काढला आणि नाव ठेवलं 'चांद्या'. त्याच्या बापाच्या कपाळपांढऱ्या बैलाचं हे नाव. मग मोबाइलवर तिचा फोटो घेऊन तो पुसदला आला. आमच्याच ओट्यावर त्यानं तो आईला दाखवला. धानीयाडीनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला, आडवा केला.

"पाय नाही याले?"

"पाण्यात हायत. खाली एक मोठा हाय, वजनाचा. त्याच्यानं उलटा नाही होत."

"दमते काय?"

हरसिंगनं जरा विचार केला. "दमते. वारा जास्ती झाला त कुरकुरते."

"मंग तवा काय करतं तू?"

"शीड उतरवतो. बसू देतो त्याले."

तिचं समाधान झालं. बाकी कुणाला नसेल, पण जनावराला बसू देतो म्हटल्यावर तिला पोराची काळजी राहिली नाही. मी मध्येच म्हटलं, "याडी, पोरगा एकटा पृथ्वीला फेरा मारणार आहे, भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "एकटा कुठी? दोघं जाऊन राह्यले ना."

निघायच्या आधीच्या उन्हाळ्यात माझ्या गच्चीवर त्याच्यासाठी वाळवणाचा कारखाना लागला. मुगाच्या वड्या, सांडगे, ज्वारीचे पापड. गल्लीतल्या सगळ्या बाया होत्या आणि अध्यक्षस्थानी अर्थात मी. तेव्हा मी पासष्टीची, म्हणजे आजच्या मानानं अगदीच पोर, आणि ओट्यावरच्या त्या गॉगलवालीपेक्षा तसूभरही शहाणी झालेली नव्हते. मी फर्मान सोडलं, "मीठ घालू नका."

"काहून वं, ताई?"

"अगं, जातोय कुठं? समुद्रात! तिथं सगळं पाणीच मिठाचं. इथून मीठ कशाला वाहून न्यायचं?"

सगळ्यांना ते एकदम पटलं. मला तर माझंच इतकं कौतुक वाटलं की मी दोनदा सांगितलं. संध्याकाळी धानीयाडी आली, तिनं एक वडी तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "आळणी काहून हे?" मी माझा युक्तिवाद तिसऱ्यांदा ऐकवला. ती आधी माझ्याकडे पाहत राहिली. मग असं हसली, असं हसली, की चुड्याचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल.

"आमच्या बुढ्यानं समुद्रावरून मीठ वाहू वाहू बैलाच्या पाठी सोलून काढल्या, अन् हे बाई म्हणते, पाण्यात बुचकळ अन् खाय!"

पण वाळवण होऊन गेलं होतं. आळणीच बांधून दिलं.

त्याच दिवशी जाण्याआधी धानीयाडीनं ओट्यावर बसून एक पट्टा काढला. दोन-तीन हात लांब, लाल कापडाचा, दोन्ही कडांना कवड्या. तिच्या सासरी पुढच्या बैलाच्या गळ्यात असा पट्टा असायचा, बाकीचे बैल त्याच्या मागे चालत. हा तिनं नवा केला होता, चांद्यासाठी. देताना तिनं ती गोष्ट सांगितली, जी तिच्या घरातल्या प्रत्येक पोरानं ऐकलेली असते. आजेसासरा एकदा वाटेत पाय मोडलेला बैल तसाच टाकून घरी आला. आईनं त्याला दारातच उभं केलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, तो तिथं तुझी वाट पाहून राह्यला असन, आधी त्याच्याकडे जाय. तो आल्या पावली परत फिरला. तेव्हापासून घरात नियम झाला, बैल वाटेत टाकून घरी यायचं नाही.

"दोघं जाऊन राह्यले," धानीयाडी म्हणाली. "दोघं या."

"येतो, याडी," हरसिंग म्हणाला.

बस्स. ना रडणं, ना गळ्यात पडणं. पट्टा त्यानं डोलकाठीच्या बुडाशी बांधला, असं त्यानं नंतर कळवलं.

मधूनमधून त्याच्या उपग्रहाच्या फोनवरून आमच्या घरी फोन यायचा. बोलायला वेळ थोडा आणि आवाज पाताळातून आल्यासारखा. त्यासाठी येऊन बसलेली धानीयाडी ठेवणीतला एकच प्रश्न विचारायची, "चांद्या कसा हाय?" मग फोन माझ्याकडे यायचा. एकदा तो म्हणाला, "ताई, तुमच्या वड्या अजून खडखडीत हायत. मिठाचं होतं नव्हतं ते सगळं ओलं झालं, विकतचे पापड, बिस्किटं, सगळं. मीठ हवेतलं पाणी ओढते. आळणी तेवढं वाचलं."

"हो ना," मी म्हटलं. "मी तोच विचार करून सांगितलं होतं."

पलीकडे नुसती खरखर झाली. पण हजारो कोसांवरचं हसू मला नीट ऐकू आलं.

नंतर फोन थांबले.

काय झालं ते पुढं त्याच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. पृथ्वीच्या तळाशी, जिथं जमीन मध्ये येत नाही आणि वाऱ्याला अडवायला कुणी नाही, तिथं वादळानं चांद्याला पूर्ण उलटा केला. उठला तो परत, खालच्या वजनानं, पण डोलकाठी मोडलेली, सुकाणू गेलेलं आणि कुठूनतरी पाणी आत येत होतं. हरसिंगच्या बरगड्या मोडल्या होत्या. तरी तो पाणी उपसत राहिला. आठवडाभरानं त्याचा मदतीचा संदेश मिळालेलं एक मालवाहू जहाज वाट वाकडी करून त्याच्यासाठी आलं. कप्तानानं सांगितलं, "एकदाच जवळ येता येईल. दोर टाकतो. तू ये, बाकी काही आणू नकोस."

आता दर्यावर्दींचा एक रिवाज आहे. माणूस सोडून गेलेली बोट तशीच तरंगत राहिली तर अंधारात दुसरी कुणाची तरी तिच्यावर आपटायची. म्हणून ती बुडवून यायची. तळाशी बुच असतं. हरसिंगनं ते स्वतःच्या हातानं उघडलं, आणि वर चढला.

पुसदमध्ये बातमी पोचली तेव्हा आनंदाला उधाण आलं. माणूस सुखरूप! फलक लागले, फोटो लागले, सत्काराची तारीख ठरवायला माणसं माझ्याकडे येऊन बसली. एका सकाळी हरसिंग बसमधून उतरला तो तांड्याकडे न जाता सरळ आमच्या दारात आला. अंगावर कुणा परदेशी खलाशाचा मोठ्ठा स्वेटर. मागच्या खोलीकडे बोट करून म्हणाला, "ताई, रिकामी हाय काय?"

तिथून तांडा सायकलनं जाण्याइतका जवळ. अर्धी पृथ्वी मागे टाकून आलेल्या माणसाला तेवढा रस्ता पार होईना. सत्काराला त्यानं हात जोडून नाही म्हटलं. कापूस खिशात नव्हता. दिवसभर बसून शिवायचा. आधी माझ्या गोधड्या, मग उश्या, पडदे, गव्हाची पोती. मग घरात फाटकं काही उरलं नाही तेव्हा त्यानं चांगल्या छत्रीची शिवण उसवून पुन्हा घातली. मी म्हटलं, "अरे, तुझी आई तिकडे वाट पाहून राहिली."

"तिले काय सांगू? म्हणू, दोघं गेलतो अन् एकटा आलो?"

"जीव वाचला ना!"

"माहा वाचला," तो म्हणाला आणि दात लावून दोरा तोडला.

अशा वेळी मी नेहमी करते तेच केलं. खोटं बोलले. धानीयाडीचा फोन आला तेव्हा सांगितलं, अजून मुंबईतच आहे, डॉक्टर सोडत नाहीत. ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी दुपारी दारात ऑटो थांबला. ऑटोवाल्याच्या खांद्याला धरून धानीयाडी उतरली, नव्वदीला टेकलेली, घागरा सावरत. मला म्हणाली, "तुही छत्री कोणी शिवली वं? ऑटोवाला सांगून राह्यला, ताईच्या घरी कोणी बोटीवाला शिंपी आला म्हणते." मला नजर वर करवेना. पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती.

हरसिंग उठून उभा राहिला. आत ये म्हणायचं धैर्य त्याला झालं नाही. तीही आत गेली नाही. उंबरठ्यावरच बसली. मी चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि चहा न टाकता भिंतीला कान लावला.

"चांद्या कुठी हाय?"

आत डबीत सुई टाकल्याचा आवाज आला.

"बुडवला, याडी. मीच बुडवला. पाय मोडले होते त्याचे. सोडून आलो असतो त कोणाच्या वाटेत आला असता."

"पाणी कसं घातलं आत?"

"बुच काढलं. खालचं."

"लगेच गेला?"

"नाही. मी वर जहाजावर चढलो तवा तरंगूनच राह्यला होता. मंग नाक खाली गेलं. तो पांढरा ठिपका दिसून राह्यला होता लय वेळ. मी पाहत होतो."

"तू पाहत होता."

"हाव. ते लोक म्हणत होते, आत चाल, थंडी हाय. मी नाही गेलो. दिसत होता तोवर उभा होतो."

भिंतीपलीकडे चुडा जरासा वाजला.

"निघतानी हात ठेवला होता त्याच्यावर?"

"ठेवला होता. कपाळावर."

"अन् गळ्यातलं?"

मी कान आणखी दाबला. स्वेटरची चाळवाचाळव ऐकू आली. कप्तानानं सांगितलं होतं काही आणू नकोस, आणि यानं आणलं नव्हतं काहीच. ना कागद, ना पेटी, ना औषधं. पण बरगड्या मोडलेल्या असताना, पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं असताना, मोडक्या डोलकाठीच्या बुडाशी वाकून त्यानं ती गाठ सोडली होती. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पट्टा छातीशी बांधून तो दोरावर चढला होता आणि तेव्हापासून छातीवरून काढला नव्हता.

मी दाराआडून डोकावलेच. ओलाव्यानं आणि घामानं काळपटलेला तो पट्टा धानीयाडीनं मांडीवर पसरला होता. एका कडेच्या पाच-सहा कवड्या गेल्या होत्या. तिनं त्या मोकळ्या जागांवरून बोट फिरवलं.

"आमचा बुढा बैल टाकून आला होता," ती म्हणाली. "त्यानं गळ्यातलं काढलं नव्हतं. अंगावर हात ठेवला नव्हता. मरू दिला वाटेत, अन् पाठ करून आला. म्हणून त्याच्या मायनं त्याले दारात उभं केलं." मग पट्टा सारखा करत, "तू टाकून नाही आला, बेटा. तू त्याच्याजवळ होता."

हरसिंग खाली बसला. साठी ओलांडलेला, केस पिकलेला माणूस, आईच्या पायाशी, उंबरठ्याच्या आतल्या बाजूला. ती त्याच्या डोक्यावर हात फिरवेल असं मला वाटलं. तिनं चुड्यातून सुई काढली.

"घे. तुहे डोळे चांगले हायत. दोरा घाल."

त्या दुपारी दोघं उंबरठ्यावर बसून पट्टा शिवत होते. कवड्या तिनं आपल्या घागऱ्यावरच्याच उसवून काढल्या. मी शेवटी खरंच चहा नेला तेव्हा ती त्याला रागावत होती. "हे कोणता टाका हाय? शिडाचा? हे बैलाच्या गळ्यात जाइन, तिथं मऊ पाहिजे. उसव!" आणि सगळ्या जगाच्या वाऱ्यांशी झुंजलेला तो निमूटपणे उसवत होता.

"याडी, बैल कुठी हाय आता?" तो म्हणाला.

"पट्टा झाला म्हणजे बैल भेटते," ती म्हणाली. "आधी हात चालव."

सत्कार शेवटी झालाच, पण तांड्यात. माझं भाषण ठेवलं होतं. मी बंदरांची नावं घेतली. आता त्यांचे बरोबर उच्चार ठाऊक असलेला तो समोर बसला होता, तरी एकदाही त्यानं मला दुरुस्त केलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात मी त्याला पुसदच्या बसस्थानकावर पाहिलं. दूर कुठूनशी एक बोट इकडे आणायची होती, पुन्हा दुसऱ्याची गोणी. अंगावर तोच स्वेटर, खिसा कापसानं फुगलेला. पिशवीच्या बंदाला पट्टा गुंडाळलेला, जुन्या मळक्या कवड्यांच्या मध्ये नव्या पाच-सहा पांढऱ्याफेक. मी डबा हातात दिला.

"मीठ?" त्यानं विचारलं.

"घातलं नाही. विचार करून."

धानीयाडीलाही ऑटोनं आणलं होतं. ती बाकावर बसून बसकडे असं पाहत होती, जणू तिलाही दमायला होतं का ते विचारणार आहे. हरसिंग तिच्या पाया पडला आणि वाट पाहत थांबला. मला वाटलं, आता ती म्हणणार, दोघं या. त्यालाही तेच वाटलं असावं. त्यानं पिशवीवरच्या पट्ट्यावर हात ठेवला.

तिनं तो हात तिथून काढून आपल्या हातात घेतला.

"तू ये," ती म्हणाली.

बस सुटली. खिडकीतून एक मूठ बाहेर आली, उघडली, आणि कापसाचा पुंजका सुटला. तो बसच्या मागे जाईल असं मला वाटलं होतं. पण डोंगराकडून वाऱ्याचा एक झोत आला आणि तो फिरून, रखडत, आमच्याच बाकापर्यंत आला. धानीयाडीनं तो घागऱ्यावरून उचलला, दोन बोटांत धरून पाहिला.

"वारा इकडे हाय," ती म्हणाली. "येईन तो."